टाको राईस : किन गावच्या खिमा-भाताची कुळकथा

ओकिनावा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर किन नावाचं गाव आहे. गावाच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर ‘कॅम्प हॅन्सन’ हा अमेरिकन मरीन सैनिकांचा तळ पसरलेला आहे. तळाच्या फाटकासमोर शिनकाईची ही बार आणि खानावळींची वस्ती आहे. याच वस्तीतल्या ‘पार्लर सेन्री’ नावाच्या लहानशा खानावळीत 1984 साली गिबो मात्सुझो यांनी गरम भातावर टाकोचं सारण घातलं आणि ते विकायला सुरुवात केली. आज जपानभर ‘टाको राईस’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ तो हाच.

पदार्थ अगदी साधा. खाली वाफाळता जपानी भात, त्यावर तिखट मसाल्यात परतलेला गोमांसाचा खिमा, वर किसलेलं चीज, बारीक चिरलेला लेट्यूस आणि टोमॅटो. केचपच्या चवीचा तिखट सॉस बाजूला मिळतो, तो ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यायचा. पण हा साधा पदार्थ याच बेटावर, याच फाटकासमोर आणि याच काळात का जन्मला, हे समजून घ्यायचं तर मागे, युद्धापर्यंत जावं लागतं.

1 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन फौजा ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरल्या. जूनच्या अखेरीपर्यंत चाललेल्या लढाईत दोन्ही बाजूंचे सैनिक आणि सामान्य नागरिक मिळून दोन लाखांहून अधिक माणसं मेली. जे वाचले त्यांना छावण्यांत ठेवलं गेलं आणि त्यांच्या शेतांवर धावपट्ट्या उभ्या राहिल्या. मुख्य जपान 1952 मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला, पण ओकिनावा 15 मे 1972 पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिला. जपानच्या एकूण भूमीपैकी जेमतेम 0.6 टक्का जमीन असलेल्या या प्रांतावर, देशात केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जागेपैकी सुमारे 70 टक्के जागेचा भार आजही आहे. या बेटावरच्या अमेरिकन खाण्याची कोणतीही गोष्ट या जमिनीपासूनच सुरू होते.

सैनिकांमागून त्यांची कुटुंबं आली. तळांवर घरं अपुरी पडू लागली तशी 1950 आणि 60 च्या दशकांत तळाबाहेर काँक्रीटची, सपाट छपराची, पुढे हिरवळ असलेली बैठी घरं बांधली गेली. स्थानिक लोक त्यांना ‘गाईजिन जुताकू’, म्हणजे परदेशी लोकांची घरं, म्हणतात. उरासोए शहरातल्या मिनातोगावा भागात अशी घरं आजही उभी आहेत. तिथल्या गल्ल्यांना अमेरिकन राज्यांची नावं आहेत आणि घरांत आता कॅफे, बेकऱ्या चालतात. घराच्या अंगणात अमेरिकन मुलं खेळत, कुंपणापलीकडे ओकिनावन शेतकऱ्याचा ऊस उभा असे आणि स्वयंपाकघरात बहुधा ओकिनावन बाई कामाला असे. अमेरिकन पदार्थ बेटाच्या घराघरांत पोचण्याची एक वाट अशा स्वयंपाकघरांतून गेली. डबाबंद ‘पोर्क’ याच काळात रुजलं. आज अंड्याबरोबर परतलेलं पोर्क हा ओकिनावन घरातला रोजचा नाश्ता आहे.

दुसरी वाट बाहेर खाण्याची. सैनिकाने आणि त्याच्या कुटुंबाने गावात कुठे जेवायचं हे सैन्य ठरवत असे. 1953 पासून सैन्याच्या आरोग्य-तपासणीत उतरलेल्या बार-खानावळींना ‘ए साईन’ ही पाटी मिळू लागली. ए म्हणजे अप्रूव्हड, मंजूर. पाणी, भांडी, मोरी, संडास, जागेचं बांधकाम, सगळं तपासलं जाई. दारावर ती पाटी नसेल तर अमेरिकन गिऱ्हाईक आत पाऊल टाकू शकत नसे. नाहा शहरातलं ‘जॅक्स स्टेक हाऊस’ 1953 पासून चालू आहे आणि त्या काळाची खूण म्हणून ती पाटी अजून जपून आहे. स्वच्छतेची ही पाटी सत्तेचंही हत्यार होती. 1956 मध्ये जमिनी हिसकावण्याविरुद्ध बेट पेटून उठलं, तेव्हा सैनिकांना काडेना या अमेरिकन हवाई तळालगतच्या कोझा भागात जायला बंदी घालण्यात आली. तळावर पोट असलेली गावं एका हुकमाने उपाशी पडू शकतात हे त्या वेळी सगळ्यांना कळलं. ‘ए साईन’ची पद्धत 1972 मध्ये, बेट जपानला परत मिळण्याच्या तोंडावर संपली.

मंजुरीच्या त्या चौकटीत तळाच्या गिऱ्हाइकावर नवनवे धंदे उभे राहिले. 1948 मध्ये तळावरच्या लोकांना दूध-आईस्क्रीम पुरवायला सुरू झालेला कारखाना 1963 मध्ये उरासोएला आला आणि बेटावरच्या लोकांसाठी खुला झाला. त्याचं ‘ब्लू सील’ आईस्क्रीम आज ओकिनावाचं भूषण मानलं जातं. त्याच 1963 साली बेटावर ‘ए अँड डब्ल्यू’ या अमेरिकन हॅम्बर्गर साखळीचं ड्राईव्ह-इन सुरू झालं. टोकियोच्या गिन्झात मॅक्डोनाल्ड्स उघडलं ते 1971 मध्ये, म्हणजे हॅम्बर्गरच्या बाबतीत ओकिनावा राजधानीच्या आठ वर्षं पुढे होता. काडेना हवाई तळाच्या फाटकापासून निघणाऱ्या कोझाच्या गेट टू स्ट्रीटवर सूट शिवून देणारे भारतीय, बहुतेक सिंधी, दुकानदारही याच गिऱ्हाइकावर जगले.

टाको आला तो याच वाटेने. मेक्सिकोत टाको मऊ मक्याच्या पोळीचा असतो. ओकिनावात पोचला तो मात्र अमेरिकन नैऋत्येचा, टेक्सास-कॅलिफोर्नियाचा टाको : तळलेल्या पोळीच्या घडीत खिमा, लेट्यूस, टोमॅटो आणि पिवळं चीज. कोझामध्ये ‘चार्लीज टाकोज’ 1956 मध्ये सुरू झालं. अमेरिकेतली ‘टाको बेल’ ही प्रसिद्ध साखळी त्यानंतर सहा वर्षांनी, 1962 मध्ये कॅलिफोर्नियात उघडली. म्हणजे अमेरिकेतल्या कित्येक गावांना टाको माहीत होण्याआधी तो कोझात मिळत होता. ओकिनावन हातांनी त्याची पोळी किंचित मऊ ठेवली, मसाल्याचा झणका उतरवला आणि सॉसमध्ये केचपचा गोडवा आणला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात किनच्या शिनकाईचीत पैशाचा पूर होता. युद्धावर जाणारे आणि तिथून परतणारे मरीन मिळतील ते डॉलर उधळत. 1958 ते 1972 ओकिनावाचं चलनच अमेरिकन डॉलर होतं, त्यामुळे पैसे बदलण्याचीही गरज नव्हती. युद्ध संपलं, बेट जपानला परत मिळालं, डॉलरच्या जागी येन आला आणि वस्तीचा बहर ओसरला. आता फाटकातून बाहेर येत ते प्रामुख्याने कमी पगाराचे एकटे तरुण. हॅन्सन हा मुख्यतः अशाच मरीनांचा तळ आहे, कुटुंबं बहुतांशी दक्षिणेकडच्या तळांवर राहतात. या तरुणांना रात्री उशिरा, स्वस्तात, पोटभर खायला हवं असे. दोन-तीन टाकोंनी त्यांचं पोट भरत नव्हतं.

गिबो यांनी नेमकं हेच ओळखलं. टाकोची पोळी तळायला वेळ लागतो, ती मोडते आणि पोट भरत नाही. भात मात्र ओकिनावन खानावळीत सदैव तयार असतो, स्वस्त असतो, पोटाला आधार देतो. सारण तेच ठेवलं, खालचा आधार बदलला. खरी करामत आहे ती थर लावण्याच्या क्रमात. गरम भातावर गरम खिमा पडला की त्याची चरबी आणि मसाला भातात मुरतो. खिमा रसाळ असून चालत नाही, कोरडा परतलेलाच हवा, नाहीतर भाताचा चिखल होतो. चीज खिम्यावरच पडलं पाहिजे, म्हणजे ते अर्धवट वितळून खिम्याला धरून ठेवतं. लेट्यूस सगळ्यात वर आणि अगदी शेवटी, कारण गरम थराला फार वेळ टेकला तर तो मान टाकतो. सुरुवातीला विकला जाणारा टाको राईस म्हणजे फक्त भात आणि खिमा. चीज आणि भाजी पुढे, गिऱ्हाइकांच्या मागणीने आली. गिबो यांच्याच घराण्याच्या ‘किंग टाकोज’मध्ये आजही फलकावर या तीन पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात : टाको राईस, चीज टाको राईस, चीज-भाजी टाको राईस. प्लास्टिकच्या डब्यात तो इतका शिगोशीग भरतात की झाकण बसत नाही.

टाको राईसच्या जन्माबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते : येन महागला, डॉलरवर जगणाऱ्या सैनिकांना बाहेरचं खाणं परवडेना, म्हणून हा स्वस्त पदार्थ निघाला. तारखा तपासल्या तर ही गोष्ट अर्धीच टिकते. 1971 पर्यंत डॉलरला 360 येन मिळत. 1972 मध्ये ओकिनावाचे डॉलर बदलून दिले गेले ते 305 येनने. 1978 मध्ये भाव 180 च्याही खाली उतरला. पण 1984 मध्ये, म्हणजे पदार्थ निघाला त्या साली, डॉलर सावरून 240 येनच्या आसपास आला होता. येन खऱ्या अर्थाने उसळला तो डॉलरचा भाव उतरवण्यासाठी झालेल्या सप्टेंबर 1985 च्या प्लाझा करारानंतर, आणि 1987 अखेर डॉलर 120 च्या घरात घसरला. तेव्हा माझं मत असं : टाको राईसचा जन्म येनमुळे झाला नाही. तो झाला उतरणीला लागलेल्या वस्तीत गिऱ्हाईक धरून ठेवण्याच्या खानावळवाल्याच्या अक्कलहुशारीतून. तयार झालेल्या त्या स्वस्त पदार्थाला पुढच्या दोन-तीन वर्षांतल्या महाग येनने घरोघर पोचवलं.

डॉलर-येनचा हा हिशेब लष्करी कुटुंबांच्या आयुष्यात आजही रोजचा आहे. 2011 च्या सुमारास ओकिनावात सैनिक, सैन्याचे नागरी कर्मचारी आणि कुटुंबीय मिळून सुमारे 47 हजार अमेरिकन होते, त्यांतले 19 हजारांहून अधिक कुटुंबीय. कुटुंबासह आलेल्या सैनिकाची नेमणूक साधारण तीन वर्षांची असते. तळाच्या आत त्यांची एक छोटी अमेरिकाच असते : इंग्रजी शाळा, कमिसरी या लष्करी दुकानातला अमेरिकन किराणा, बर्गर आणि तळलेल्या कोंबडीची ओळखीची दुकानं. येन वधारला की परदेशी महागाईचा भत्ता वाढतो, उतरला की कमी होतो. ‘वाय’ अक्षराची नंबरप्लेट लावलेली गाडी घेऊन शनिवार-रविवारी कुटुंब बाहेर पडतं. 30 जुलै 1978 पर्यंत इथली वाहतूक अमेरिकन पद्धतीने उजवीकडून चालत असे. त्या दिवशी ती जपानसारखी डावीकडून झाली, त्यामुळे नव्या माणसाला फाटकाबाहेर पडण्याआधी गाडी चालवायलाच नव्याने शिकावं लागतं.

बाहेर खाण्याचंही शिकावं लागतं. रामेनच्या दुकानात यंत्रात पैसे टाकून तिकीट घ्यायचं. सरकत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या रिकाम्या ताटल्या रचून ठेवायच्या, कारण बिल त्यांवरूनच होतं. टिप ठेवायची नाही. तिखटपणाचा आकडा सांगून मागवायची ‘कोको इचिबान्या’ची करी इथल्या अमेरिकन मुलांची लाडकी आहे. या सगळ्यात टाको राईस हा त्यांच्यासाठी ओळखीचा उंबरठा ठरतो. खिमा, चीज, लेट्यूस घरचंच वाटतं, भात मात्र बेटाचा. बदली होऊन गेलेली कुटुंबं नॉर्थ कॅरोलायनात किंवा कॅलिफोर्नियात स्वतःच्या स्वयंपाकघरात तो करत राहतात.

पण टाको राईसची खरी कर्तबगारी गिऱ्हाईक बदलण्यात आहे. मरीनांसाठी निघालेला पदार्थ बेटाच्या लोकांनी आपला करून टाकला. तो शाळेच्या जेवणात आला. ‘योशिनोया’ या जपानी साखळीने आपल्या ओकिनावातल्या दुकानांत तो ठेवला. ‘ओकिहाम’ या स्थानिक कंपनीने त्याचा तयार खिमा पाकिटात भरून जपानभर पाठवला. घरोघरी आया खिम्यात सोया सॉस घालू लागल्या. 2001 साली ओकिनावावरच्या ‘चुरासान’ या दूरदर्शन मालिकेने या बेटाची हौस देशभर वाढवली आणि टोकियोच्या कॅफेंच्या फलकांवर टाको राईस सर्रास दिसू लागला.

याला ‘अमेरिकन देणगी’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सैन्याने ओकिनावाला खिमा आणि चीज दाखवलं हे खरं. पण त्याच सैन्याने भाताची शेतंही घेतली. टाको राईसमधली कल्पना, कष्ट आणि चव ओकिनावन आहे. लादलेल्या परिस्थितीतून आपला घास काढण्याची या बेटाची जुनी ताकद त्यात आहे. 1899 मध्ये तोयामा क्युझो यांनी ओकिनावाच्या पहिल्या स्थलांतरितांना हवाईला पाठवलं, ते तोयामाही याच किन गावचे. परक्यांशी व्यवहार करून जगण्याची रीत या गावाला तळ येण्याच्या आधीपासून ठाऊक होती.

पार्लर सेन्री 2015 मध्ये बंद झालं. ‘किंग टाकोज’चं मूळ दुकान किनमध्ये चालू आहे आणि नाहाहून बसने तिथे जाता येतं. ओकिनावाला गेलात तर समुद्रकिनारे पाहून परतू नका, किनलाही जा, आणि डबा उघडताना हा पदार्थ गिबो मात्सुझो यांचा आहे एवढं लक्षात ठेवा.