आधी रसद, मग तलवार

'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) मधल्या जोन ऑफ आर्कच्या मोहिमेत ब्ल्वाहून ऑर्लियन्सला रसदीच्या गाड्या पोचवायच्या असतात. नवखे खेळाडू सैन्य घेऊन सुसाट सुटतात आणि मागे गाड्या मारल्या जातात. तेव्हा मंडळी, गाड्या थांबवा, सैन्याने वाट मोकळी करा, मगच त्या हलवा.

इतिहासही हेच सांगतो. ऑर्लियन्सला ऑक्टोबर १४२८ मध्ये वेढा पडला. फेब्रुवारी १४२९ मध्ये वेढा घालणाऱ्या इंग्रजांची खारवलेल्या माशांची रसद तोडायला गेलेले फ्रेंच सपशेल हरले. २९ एप्रिलला जोन शहरात शिरली, ती ब्ल्वाहून निघालेल्या धान्याच्या ताफ्यासोबत. ८ मेला वेढा उठला.

पुतळे तलवारीचेच होतात हो... पण वेढ्यातलं शहर जगतं ते पोत्यांवर!