फिरत्या माणसांची एकी

आमच्या आजोबांना सगळं गाव तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. त्यांच्या तरुणपणी आमच्या कराडकडच्या गावातून मुंबईला जायच्या दोन वाटा होत्या. एक पाठीवर पोतं घेणाऱ्यांची. पाटण, कराड, जावळीच्या डोंगरातली पोरं मशीद बंदरच्या गोदामांत हमालीला जात. दुसरी वाट तेच पोतं ट्रकमध्ये घालून नेणाऱ्यांची. तात्यांचे थोरले भाऊ पहिल्या वाटेने गेले, तात्या दुसऱ्या. एकाच आईची दोन लेकरं, मेहनतीत कुणी कुणाला हार न जाणारी. तरी दोघांची म्हातारपणं अगदी वेगळी झाली. ती का, हे त्या दोघांच्याच बोलण्यातून मला हळूहळू कळत गेलं.

तात्या क्लीनर म्हणून चढले ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली होती. ते लांब नाकाचे, पुढे तारा मिरवणारे ट्रक आमच्या भागातही दिसू लागले होते. तात्यांच्या मालकाची गाडी मात्र जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. हँडल मारून चालू करायची. क्लीनरने पहाटे उठून काच पुसायची, पाणी बघायचं, टायर ठोकून हवा ओळखायची आणि उस्तादचा, म्हणजे ड्रायव्हरचा, चहा आणायचा. घाटात चढ लागला की खाली उडी मारून, लाकडी ठोकळा हातात घेऊन गाडीच्या मागोमाग चालायचं. गाडीने दम सोडला की मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवायचा. “हात मागं घ्यायला उशीर झाला की बोटं गेली,” तात्या सांगत. त्यांच्या डाव्या करंगळीला नख नव्हतं.

कोल्हापूरहून मुंबईला जायचं तर खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट. खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्याआधी पनवेलहून शीळफाटा, मुंब्रा, ठाणे असा वळसा घालून मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग लावायची. जकातीची पावती फाटेपर्यंत गाडी हलत नसे आणि माणसाला झोपता येत नसे. रांग पुढे सरकली आणि तुम्ही झोपलेले असलात तर मागचा हॉर्न वाजवून जीव घेई. पण ओळखीतला कुणी मागे असला तर तो खाली उतरायचा, तुमची गाडी चार हात पुढे घ्यायचा आणि तुम्हाला झोपू द्यायचा. मुंबईची जकात आणि ते नाके जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ ला एकदाचे बंद झाले. तात्या तोवर राहिले नव्हते.

बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून नाणं टाकायचं, ही रीत. शिंग्रोबा हा धनगर. घाटातली वाट त्याने इंग्रजांना दाखवली, आणि बक्षीस काय हवं विचारल्यावर “आमचा देश मोकळा करा” म्हणाला म्हणून त्याला गोळी घातली, असं सांगतात. कुणी म्हणतं वाट रस्त्यासाठी दाखवली, कुणी म्हणतं रेल्वेसाठी. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० सालचा आणि रेल्वे १८६३ची. तात्यांना या घोळाशी देणंघेणं नव्हतं. “वाट दाखवणाऱ्याचं काय होतं ते त्याच्याकडं बघून कळतं,” एवढंच ते म्हणत, आणि नाणं टाकत.

घाटाचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याला ढाब्यावर कुणी शेजारी बसवून घेत नसे. चढणाऱ्याला वाट आधी. समोरून येणाऱ्याने डिपर मारून पुढची खबर द्यायची: दरड आहे, गाडी आडवी आहे, नाहीतर आरटीओ उभा आहे. बंद पडलेल्या गाडीमागे हिरव्या फांद्या आणि दगड मांडायचे. आणि गाडी दुरुस्त झाली की ते दगड स्वतःच्या हाताने उचलून मगच निघायचं. या शेवटच्या कलमाबद्दल तात्या फार कडक होते. रात्री रस्त्यात राहिलेल्या दगडाने मोटारसायकलवाला मेला, तर ते पाप दुरुस्त होऊन गेलेल्या गाडीच्या डोक्यावर, असं ते मानत. आणि बंद गाडी दिसली की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग ती कोल्हापूरची असो की पंजाबची.

त्यांची आवडती गोष्ट गुळाची. उन्हाळा संपत आलेला, गाडीत कोल्हापूरच्या गुळाच्या ढेपा, आणि खंबाटकीच्या चढाला एक्सल तुटला. तेवढ्यात वळीव आला. ताडपत्री जुनी, दोन ठिकाणी फाटलेली. गुळाला पाणी लागलं की माल संपला. मागून बेळगावची गाडी आली, तिच्यात लोखंडी पाइप. त्या ड्रायव्हरने काही न विचारता स्वतःची ताडपत्री सोडली. “माझ्या पाइपाला काय आंघोळ घातली तरी चालंल,” म्हणाला. पाठोपाठ आणखी दोन गाड्या थांबल्या. सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या ताणल्या, रस्से आवळले, एकाने पुढे जाऊन शिरवळला मिस्त्रीला निरोप दिला. दुसऱ्याने खामजाईच्या देवळाजवळच्या टाक्यातून पाणी आणून चूल मांडली. एक्सल येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. बेळगाववाला तोवर कधीच निघून गेला होता. तात्यांनी ती ताडपत्री वाळवून, घडी घालून शिरवळच्या एका हॉटेलात ठेवली. पुढे काही महिन्यांनी समोरून येणाऱ्या एका ट्रकने जोरात डिपर मारला, आणि मालावर तीच ताडपत्री ओळखू आली. नाव दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

ही गोष्ट तात्या इथे थांबवत. पुढची आजी सांगायची. थोड्या ढेपा भिजल्याच होत्या, आणि मालकाने त्यांचे पैसे तात्यांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले. “वाटंवर सगळे भाऊ,” आजी म्हणायची, “आणि पगाराच्या दिवशी एकबी न्हाय.” तिचं आयुष्य वाट बघण्यात गेलं. फोन नव्हता. गावाकडच्या कुठल्याही ड्रायव्हरबरोबर तात्या चिठ्ठी आणि पैसे पाठवत, आणि ते पैसे कधी एका रुपयानेही कमी आले नाहीत, हेही तीच सांगायची. गाडी गावात शिरताना लांबूनच हॉर्न वाजवायची, म्हणजे खुशाली. हॉर्न न वाजवता दारात ट्रक थांबला की बायकांच्या छातीत धस्स होई. शेजारच्या घरापुढे असा एक ट्रक थांबला होता. प्रेत घेऊन आलेल्या ड्रायव्हरांनी वर्गणी काढून दिवसांचा खर्च केला, पोराची पुढच्या वर्षाची फी भरली. त्यापुढची वर्षं त्या बाईने एकटीने काढली.

थोरले आजोबा सुट्टीला आले की ओसरीवर दोघा भावांचं जुंपायचं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणून तो मिळवला होता. त्याने हमालांची मंडळं झाली, मजुरी मंडळातून मिळू लागली, फंड आला, दवाखाना आला. थोरल्या आजोबांच्या हातात म्हातारपणी काहीतरी पडलं. त्याच गोदामाच्या फळीला गाडी लावून बसलेल्या तात्यांना त्यातलं काहीच नव्हतं. तसा ड्रायव्हरांचा कायदा आठ वर्षं आधीच झाला होता. १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू होई पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यात बसतच नसे, आणि देशातला मालट्रकचा धंदा मुख्यतः अशाच छोट्या मालकांचा.

“तुमची एकी मोठी हाय रं,” थोरले आजोबा म्हणत, “पण ती रस्त्यावर सांडती. आम्ही सगळे एका दारात उभे. आम्ही बसलो की व्यापाऱ्याचं गोदाम बसायचं. तुम्ही बसणार कुठं? एक साताऱ्यात, एक सोलापुरात, एक गुजरातेत.” तात्यांकडे याला उत्तर नव्हतं. या विषयावर याहून नेमकं बोलणं मी नंतर कुठे वाचलं नाही. हमालांची एकी एका जागी उभी होती म्हणून तिचं मंडळ झालं. ड्रायव्हरांची एकी कायम चालती, म्हणून ती उपकार होऊन राहिली. हक्क झाली नाही.

ती चालती एकी एका वेळी सगळीकडे थांबली, असं अलीकडे एकदाच डोळ्यांसमोर घडलं. २०२४च्या जानेवारीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात माणूस मेल्यावर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. ड्रायव्हर उतरले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत सरकारने मोटार ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी बोलून कलम लगेच लागू न करण्याचं सांगितलं, आणि १ जुलैला संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना न्याय हवाच, त्यात वाद नाही. पण ड्रायव्हर का पळतो, हे कायद्याला ठाऊक आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम जखमीला दवाखान्यात नेणं चालकावर बंधनकारक करतं, आणि त्यातच जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सवलतही देतं. तात्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलेली पहिली गोष्ट गिअर टाकायची नव्हती. माणूस लागला तर जवळचं पोलीस ठाणं कोणत्या बाजूला, हे आधी ठाऊक ठेवायचं, ही होती.

आता रस्ते रुंद झाले. खंबाटकीला बोगदा झाला, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. तिथे बंद गाडीमागे थांबून विचारपूस करणं म्हणजे मागच्याला आपल्यावर बोलावणं. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक हवेत ही अट होती, तीही २०१८ मध्ये काढली. शेजारच्या सीटवर जागं ठेवायला कुणी नाही, ठोकळा घेऊन मागून चालणारं पोरगं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पण गार केबिनमध्ये एकट्याला झोप लवकर येते, आणि सुरक्षित झोपायची जागा रस्त्यावर अजून कमीच. जुनी रीत अगदीच मेलेली नाही. २०२०च्या टाळेबंदीत ढाबे बंद पडले, तेव्हा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर यवतमाळमधल्या करंजीजवळच्या गुरुद्वाराच्या लंगरात ड्रायव्हर जेवले. गावोगावी लोकांनी रस्त्याकडेला भाकरी-पाणी ठेवलं. देश घरात बसला होता तेव्हा त्याचा गहू-तांदूळ हेच ड्रायव्हर ओढत होते.

तेव्हा त्यांच्या माणुसकीचं कौतुक आता पुरे. महाराष्ट्राने हमालाला माथाडी मंडळ दिलं, रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठीही कल्याण मंडळ केलं. मालट्रकच्या ड्रायव्हरसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ झालं पाहिजे. माल पाठवणाऱ्याकडून भाड्यामागे लेव्ही घ्यावी, त्यातून फंड, विमा आणि महामार्गावर राखणीच्या विश्रांतिजागा कराव्यात. पाच कामगारांची अट नको. एका गाडीचा एक ड्रायव्हरही त्यात आला पाहिजे. फिरत्या माणसाला एका जागी उभं राहता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही मागणी आपण घरात बसलेल्यांनी केली पाहिजे. आपल्या ताटातलं जवळजवळ सगळंच त्याच्या गाडीतून आलेलं असतं.