देवीला छप्पर नको होतं

गेल्या पाडव्याला आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक थ्रीडी चित्र आलं. गुलाबी कळस, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकचं पार्किंग. खाली क्यूआर कोड. प्रत्येक घराने ५,००० रुपये. चित्रात झाड एकही नव्हतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात. डोंबिवलीहून लोकलने कल्याण, तिथून एसटी. गावाबाहेर राई आहे. ऐन, हिरडा, बेहडा आणि मनगटाएवढ्या जाड गारंबीच्या वेली. आत शिरताना चपला काढायच्या, काडीसुद्धा उचलायची नाही. देवी म्हणजे शेंदूर लावलेले तीन दगड. आजी म्हणायची, तिला छप्पर चालत नाही, बांधलं तर कोपते. इंजिनिअरिंगला गेल्यावर मला हे सगळं हास्यास्पद वाटायला लागलं. पैसे भरायला मी जीपे उघडलंही होतं.

मग सहज म्हणून देवराईवर वाचायला बसलो आणि रात्र गेली.

बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ची, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. आपण हे शाळेत अभिमानाने पाठ केलं, पण रुळांखाली तेव्हा लाकडी स्लीपर लागायचे आणि ते जंगलातून यायचे, हे कुणी सांगितलं नाही. १८६४मध्ये वनखातं आलं, १८७८मध्ये वन कायदा. ज्या रानातून लोक लाकूडफाटा आणि राब आणायचे, ते सरकारी झालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. या खात्याचे पहिले मुख्य अधिकारी डिट्रिच ब्रँडिस. त्यांनीच पुढे नोंदवून ठेवलं, की भारतात देवराया पुष्कळ होत्या. ‘होत्या’ हे महत्त्वाचं.

उरलेल्यांचा शास्त्रीय शोध १९७०च्या दशकात पुण्यातले वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी घेतला. त्यातली श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथली राई तोडायचं ठरलं होतं. गावकऱ्यांना धास्ती होती ती ओढ्याची. राई गेली तर पाणी आटेल. त्यांनी या दोघांकडे मदत मागितली आणि तोड थांबली. म्हणजे देवीचा कोप वगैरे जे मला हास्यास्पद वाटत होतं, त्याच्या खाली पाण्याचा साधा हिशोब होता. आजीला तो माहीत होता का? कदाचित. तिने मला देवीच सांगितली, कारण हिशोब सांगून मी ऐकलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी तोक्योला गेलो होतो. एका रविवारी मेइजी देवस्थानात गेलो. मोठं लाकडी तोरणद्वार ओलांडलं आणि शहराचा आवाजच बंद झाला. सुमारे ७० हेक्टर जंगल. मला वाटलं, हजार वर्षांचं असेल. ते १९२०च्या सुमाराचं निघालं, देशभरातून आलेली जवळपास एक लाख झाडं माणसांनी लावलेली.

गंमत म्हणजे त्याच काळात तेच सरकार खेड्यांतल्या देवराया संपवत होतं. १९०६च्या आदेशाने छोटी शिंतो देवळं एकत्र करायला सुरुवात झाली. सुमारे ७०,००० देवळं गेली, त्यांच्याभोवतीची झाडं लाकूड म्हणून विकली गेली. तानाबे गावात राहणारे मिनाकाता कुमागुसू हे बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक. ते या आदेशावर तुटून पडले. राई गेली की पाखरं जातील, पाखरं गेली की पिकांवर कीड येईल, किनाऱ्यावरची सावली गेली की मासेही फिरकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. १९१०मध्ये सरकारी सभेत दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून त्यांना १८ दिवस कोठडीत राहावं लागलं. (माझा आवडता शास्त्रज्ञ!) १९२०पर्यंत ते धोरण मागे पडलं, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

आमच्याकडे ना सरकार तोडायला आलंय ना ठेकेदार. तोडणारे आम्हीच, आणि भक्तीने.

काकांना फोन केला. गाणी गाव सांगितलं, मिनाकाता सांगितले, ओढा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “अरे, शेजारच्या गावाने केलंय. आणि लग्नाचा नारळ ठेवायला आलेली माणसं पावसात उभी कुठं राहायची, ते सांग.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न खरा होता. अर्ध्या तासाने मी म्हटलं, “काका, मंडप रस्त्याच्या कडेला बांधूया, राईच्या बाहेर. दगडांवर काही नको. माझे ५,००० नाही, १५,००० धरा.”

“बघतो बाबा, मिटिंगमध्ये विषय काढतो,” काका म्हणाले.

परवा ग्रुपवर नवं चित्र आलं. मंडप रस्त्याकडे सरकलाय, पार्किंग मात्र अजून राईतच आहे. मागे झाडं दाखवलीत, पण चित्र काढणाऱ्या पोराच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐन-हिरडा नसावेत. त्याने सात ख्रिसमस ट्री लावलेत.