काहीतरी हलकं द्या

मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरताना एक काकू थांबल्या होत्या. विषय होता पहिलं महायुद्ध आणि मुंबईच्या गिरण्या. त्याबद्दल काही विचारायचं असेल असं आम्हाला वाटलं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "अहो, ते सगळं ठीक आहे, पण मला एखादं हलकं पुस्तक सांगा ना. मन लागत नाही कशात. खून असला तरी चालेल, पण रक्त नको." आणि लगेच, जणू काही चूक झाली अशा आवाजात, "तुम्हाला म्हणजे अगदीच हे वाटेल..."

आम्ही घाईत होतो. त्या वेळी तोंडावर आलं ते नाव सांगून मोकळे झालो. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण 'अगदीच हे' हे शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून या हलक्या पुस्तकांबद्दलच बोलायचं ठरवलंय. ज्याला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात ती रहस्यकथा. लहान गाव किंवा मोहल्ला, एक मुडदा, चहा, भरपूर गप्पा, आणि पोलिसाच्या आधी उत्तर शोधणारा कुणीतरी साधा माणूस. हिंसा पडद्याआड, शेवटी उलगडा नक्की.

सुरुवात पुस्तक सुचवण्यापासूनच करू, कारण त्यालाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात ऑक्सफर्डला एच. एफ. ब्रेट-स्मिथ नावाचे साहित्याचे अध्यापक होते. ते लढायला गेले नाहीत. त्यांना इस्पितळांनी वेगळं काम दिलं: जखमी सैनिकांना काय वाचायला द्यायचं ते ठरवायचं. त्यांच्या एका विद्यार्थ्याने पुष्कळ वर्षांनी हे लिहून ठेवलंय. ताप किती ते पाहून औषध द्यावं तशी त्यांनी पुस्तकांची प्रतवारी केली होती. शेल शॉकने पार मोडलेल्या सैनिकांसाठी त्यांनी निवडलं कोणाला? जेन ऑस्टेनला. खंदकातून आलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला युद्धाची कविता नाही, वीरकथा नाही. कुणाचं लग्न कुणाशी ठरतंय, नाचाला कोण कोण येणार, असल्या गोष्टी. आणि बघा, 'बिब्लिओथेरपी' हा शब्दही त्याच काळातला, १९१६ सालचा. सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने तो एका मासिकातल्या लेखात वापरला, तोही अर्धवट थट्टेत.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉर्की गावातल्या युद्धकाळातल्या इस्पितळात एक तरुण बाई औषधं तयार करण्याच्या विभागात काम करत होत्या. कुठलं औषध किती थेंब दिलं की बरं करतं आणि किती दिलं की मारतं, हे त्या तिथे शिकल्या. गावात बेल्जियमहून आलेले निर्वासित होते. नवरा लढाईवर. या बाईंनी फावल्या वेळात एक कादंबरी लिहिली. त्यात विषप्रयोग आणि उलगडा करणारा एक बेल्जियन निर्वासित, पोलिसातून निवृत्त झालेला. बाईंचं नाव अगाथा ख्रिस्ती. 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' १९२० साली आली. तिच्यातलं विष इतकं बिनचूक होतं की औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने तिची स्तुती केली, आणि ख्रिस्तीबाईंना त्याचा शेवटपर्यंत अभिमान होता.

पॉयरोचा आपण विचार करतो तेव्हा मिशा आठवतात. पण तो निर्वासित आहे. घर गेलं, देश गेला, नोकरी गेली, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहतोय, आणि लोक त्याच्या इंग्रजीला हसतात. डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी वरून छानछोकी करणारा, पण खंदकात गाडला गेल्यामुळे रात्री दचकून उठणारा माणूस. सेयर्सची १९२८ ची एक कादंबरी तर युद्धविराम दिनाच्या संध्याकाळी सुरू होते. माजी सैनिकांच्या क्लबात एक म्हातारा जनरल आरामखुर्चीत मेलेला सापडतो, आणि त्याचा युद्धात विषारी वायूने खचलेला नातू तिथेच असतो. हलकं वाङ्मय म्हणे!

आता आम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाख बायका जास्त निघाल्या. फरक आधीही होता, युद्धाने तो वाढवला. वर्तमानपत्रांनी या बायकांना चक्क 'जास्तीच्या' म्हणायला सुरुवात केली. धान्य जास्त होतं, गूळ जास्त होतो, तशा बायका जास्त झाल्या. यांचं करायचं काय, वसाहतींत पाठवायच्या का, अशा चर्चा रंगल्या. आणि १९२७ साली, एकाच वर्षी, दोन पुस्तकी बायका आल्या. सेयर्सच्या कादंबरीत मिस क्लिम्पसन: विम्झीने तिच्या हाताखाली अशाच अविवाहित बायकांचं एक चौकशी-कार्यालय उघडून दिलं. त्याचं म्हणणं, की या बायकांना कुणीही काहीही सांगतं, त्यांच्यावर संशय घेत नाही, आणि सरकार ही शक्ती वाया घालवतंय. आणि डिसेंबरात, एका मासिकातल्या कथेत, मिस मार्पल. कोपऱ्यात विणकाम करत बसलेली. तिची कादंबरी १९३० ला आली. ख्रिस्तीबाईंनी ती घेतली होती आपल्या सावत्र आजीच्या ईलिंगमधल्या मैत्रिणींवरून.

मिस मार्पलची पद्धत काय? ती भिंगातून राख बघत नाही. तिला आठवतं, की आपल्या गावात मासळीवाल्याच्या दुकानातला अमका पोरगा असंच वागला होता. म्हणजे आयुष्यभर खिडकीत बसून, लोकांकडे बघून, जे शहाणपण साठलं, ज्याला सगळे 'चहाड्या' म्हणत होते, तोच पुरावा. ज्यांना मोजलंच नव्हतं त्यांनाच दिसलं. एवढी एक गोष्ट या पुस्तकांनी वारंवार सांगितली, आणि सांगताना आवाज चढवला नाही.

मग ही पुस्तकं मिळायची कुठे? इथे एक मजेदार योगायोग आहे. इंग्लंडात मध्यमवर्गाचं सगळ्यात मोठं वर्गणीचं वाचनालय होतं बूट्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीचं! जेसी बूट यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू केलं, शेकडो शाखा झाल्या, आणि १९६६ पर्यंत ते चाललं. पुस्तकांचा विभाग बहुधा दुकानाच्या मागच्या बाजूला किंवा माडीवर, म्हणजे जाता-येता साबण, खोकल्याचं औषध नजरेस पडावं. धंदा तो धंदा. पण तिथे टेबलामागे बसलेल्या मुलींचं खरं काम होतं ओळखणं, की या बाईंना मागचं आवडलं नव्हतं, यांच्या घरी आजारपण आहे, यांना शेवट गोड लागतो. आणि १९३५ साली पेंग्विनने सहा पेन्सला एक अशी कागदी बांधणीची पहिली दहा पुस्तकं काढली. त्यांत ख्रिस्तीची 'स्टाइल्स' होती आणि सेयर्सची ती जनरलवाली कादंबरीही.

विद्वानांना हे रुचलं नाही. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ साली एक अख्खं पुस्तक लिहून अशा वाचनाला व्यसनाच्या पंगतीला बसवलं. १९४५ ला अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी तर रॉजर अॅक्रॉइडला कुणी का मारेना, कोणाला काय पडलंय, या अर्थाचं शीर्षक देऊन या प्रकाराची सालं काढली. लीव्हिसबाईंचं पुस्तक वाचण्यासारखं आहे, माहिती भरपूर आहे. पण त्यांनी वाचकाला एकदाही विचारलं नाही की बाई, दिवस कसा गेला?

कारण दिवस कसे जात होते ते बघा. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या पूर्व भागातल्या बेथनल ग्रीनच्या वाचनालयावर बॉम्ब पडला. तिथलं भुयारी रेल्वेचं स्टेशन अजून पुरं झालेलं नव्हतं, गाड्या सुरू नव्हत्या, त्यामुळे हजारो माणसं रात्री खाली झोपायला जात. ग्रंथपालांनी त्या रुळांवर फळ्या टाकून वाचनालय थाटलं. चार हजार पुस्तकं. वरती आग, खाली रांग लावून लोक पुस्तक बदलून घेताहेत. आणि त्याच शहरात ख्रिस्तीबाई पुन्हा एका इस्पितळात औषधं तयार करत होत्या, पन्नाशीत.

आपल्याकडचं थोडं बोलायला हवं. मराठीत रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर पुस्तकं, झुंजार, काळापहाड, धनंजय. ती पुस्तकं भाड्याने देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरायची, पानं निखळेपर्यंत. पण त्यात पाठलाग, वेषांतर, पिस्तूल. थरार सगळा, उबेचं काम कमी. पुढे नटवर्य मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या वाचल्याही गेल्या. तरी चाळीच्या गॅलरीत बसून पलीकडच्या बिऱ्हाडातली चोरी नुसत्या निरीक्षणाने उलगडणारी मराठी आजी आमच्या वाचनात काही रुजली नाही. नवल आहे. अशा आज्या आपल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या आहेत. आपण त्यांना नुसतं 'भोचक' म्हणून सोडून दिलं. कुणी लिहीत असेल तर लिहा, आम्ही पहिली प्रत घेऊ.

आता अलीकडचं काय वाचावं ते. आपल्या इतिहासाच्या मंडळींसाठी सगळ्यात आधी सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८ ची. मुंबई, १९२१. परवीन मिस्त्री ही पारशी वकील. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. त्यांनी आपला वारसा सोडून दिल्याचं पत्र येतं, आणि परवीनला सह्यांचा संशय येतो. पुरुष वकील आत जाऊ शकत नाही, ती जाऊ शकते. हे नुसतं कल्पनेतलं नाही. परवीनच्या मागे कॉर्नेलिया सोराबजी उभ्या आहेत. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजात, मग ऑक्सफर्डला कायदा. १९०४ पासून बंगालमध्ये पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम त्यांनी सरकारसाठी केलं, आणि स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्याचा कायदा भारतात झाला १९२३ साली! पुन्हा तेच बघा: न मोजलेल्या बायका, आणि त्यांच्यापर्यंत पोचू शकणारी एकच बाई. एक इशारा मात्र देतो. परवीनच्या लग्नाचा पूर्वभाग जड आहे. ज्यांची ती जखम ओली असेल त्यांनी आत्ता वाचू नये.

निव्वळ हसायचं असेल तर जेसी सुतांतो यांची 'व्हेरा वाँग', २०२३. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये साठीची विधवा, चहाचं रिकामं दुकान, मुलगा मेसेजला उत्तर देत नाही. सकाळी दुकानात मुडदा. पोलिसांना जमणार नाही म्हणून संशयितांना ती जेवायला बोलावते! खूनच नको असेल तर हिसाशी काशिवाई या जपानी लेखकाची 'द कामोगावा फूड डिटेक्टिव्ह्ज'. क्योटोत बाप-लेकीची खानावळ, बाप पूर्वी पोलिसात. लोक येतात आणि म्हणतात, माझ्या गेलेल्या बायकोच्या हातचं अमुक पुन्हा एकदा खायचंय. मग तपास चवीचा. एका बसणीला एक गोष्ट, जास्त नको, नाहीतर सगळ्या सारख्या लागतात.

आणि रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब', २०२०. निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे दर गुरुवारी जुन्या न सुटलेल्या खुनांची कागदपत्रं काढून बसतात. झकास पुस्तक. काकूंना आम्ही हेच सांगितलं होतं.

आम्ही त्यांना विचारलं नव्हतं की मन का लागत नाही. त्यांच्या घरी काकांना स्मृतिभ्रंश आहे, तिसरं वर्ष. आणि या कादंबरीतल्या एलिझाबेथच्या नवऱ्याला तेच आहे. तो बुद्धिबळ खेळतो, आणि ती त्याला सांभाळत खुन्यामागे फिरते. पुढच्या भागांत तो आजार वाढत जातो. हे आम्हाला माहीत होतं. सांगताना आठवलं नाही. ब्रेट-स्मिथांनी ताप बघून पुस्तक दिलं, आम्ही नाडीसुद्धा न बघता.

पंधरा दिवसांनी काकू आल्या. आम्ही माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी मिटवून ठेवलं होतं. रडायला आलं. मग चार दिवसांनी परत उघडलं. त्या एलिझाबेथबाई नवऱ्याला घरी ठेवून बाहेर जातात ना, आणि त्यांना कुणी बोल लावत नाही. मला ते बघायचं होतं." मग पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "पुढचा भाग आत्ता नको. मधे काहीतरी दुसरं द्या. यांना दुपारी झोप लागते तेवढ्यात वाचून होईल असं."

या वेळी आम्ही खुर्ची ओढून त्यांना बसवलं, आणि दुपारची झोप साधारण किती वेळ असते ते विचारलं. पाऊण तास. कामोगावा दिलं.