डिसेंबरातली दाढ

अमेरिकेत डिसेंबर उजाडला की दातांच्या दवाखान्यांत वेळ मिळेनासा होतो. बहुतेक दंतविम्यांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते आणि उपचारांसाठीची न वापरलेली रक्कम सहसा पुढच्या वर्षात जात नाही. म्हणून जो तो सांगतो, फायदा बुडण्याआधी दात दाखवून घ्या. नोकरीतून असा विमा मिळालेल्या तिथल्या मराठी कुटुंबांनाही हा सल्ला लागू पडतो आणि व्यवहार म्हणून तो चुकीचा नाही. पण त्यात एक आरोप दडलेला असतो, की लोक वर्षभर चालढकल करतात म्हणून शेवटी धावपळ होते. मला तो आरोप मान्य नाही. ही धावपळ योजनेच्या घडणीतच आहे, आणि ती घडण कशी झाली हे इतिहासात स्पष्ट दिसते.

या विम्याचा उगम पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बंदरांत आहे. महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने पगारवाढीवर बंधने घातली, पण विम्यासारख्या सवलती त्यांतून वगळल्या. त्यामुळे कामगार संघटना पगाराबरोबर उपचारांसाठीही भांडू लागल्या. गोदी कामगारांची संघटना त्यांत आघाडीवर होती. हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली १९३४चा मोठा संप लढलेल्या कामगारांचीच ही संघटना. मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या तिच्या कल्याण निधीत पैसा शिल्लक होता. १९५४ साली तो गोदी कामगारांच्या मुलांच्या दातांवर खर्च करायचे ठरले, आणि ही योजना राबवण्यासाठी वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी ना-नफा संस्था काढल्या. त्यांतूनच पुढे डेल्टा डेंटल हे जाळे वाढले. सुरुवात मुलांपासून का झाली, हे महत्त्वाचे आहे. मोठ्यांच्या तोंडात वर्षानुवर्षांची कीड साचलेली होती. तिचा खर्च एकदम अंगावर आला तर निधी बुडेल ही धास्ती होती. मुलांचे दात वेळीच सांभाळले की पुढचा खर्चच टळतो. म्हणजे ही योजना मुळात संकटासाठीचा विमा नव्हती. नियमित देखभालीचे पैसे आधीच भरून ठेवायची ती सोय होती, आणि त्या कामासाठी ती उत्तम होती.

पुढे हाच साचा मोठ्यांना लावला गेला. १९६५च्या मेडिकेअर कायद्याने म्हाताऱ्यांच्या आजारांची जबाबदारी घेतली, पण दातांचे नेहमीचे उपचार बाहेर ठेवले. १९७३ साली मोटार कामगारांनी करारात दंतविमा मिळवला आणि तो घराघरांत पोहोचू लागला. साचलेल्या किडीची जुनी धास्ती मात्र गेली नव्हती. तिच्यातून अटी आल्या: मोठ्या उपचारांआधी काही महिने थांबायचे, पॉलिसीपूर्वी पडलेला दात भरून मिळायचा नाही, आणि सर्वांत वर वार्षिक मर्यादा. तपासणी आणि सफाईचे शंभर टक्के, दात भरण्याचे ऐंशी, कॅपचे पन्नास, हे प्रमाण रूढ झाले. त्या दशकात मर्यादा साधारण हजार डॉलर असे. आजही असंख्य योजनांत ती हजार ते दोन हजारांच्या दरम्यान आहे, आणि मधल्या काळात अमेरिकेतली महागाई सहा-सात पटींनी वाढली. आकडा जवळपास जागेवरच राहिला. त्यातून मिळणारा उपचार आटत गेला.

याचा परिणाम एका दाढेवर पाहावा. कीड नसेपर्यंत पोहोचली आहे, रूट कॅनॉल हवे आणि वर कॅपही. दोन्हींचा भार एका वर्षाच्या मर्यादेत मावत नाही. मग रूट कॅनॉल डिसेंबरात उरकायचे, तात्पुरते सिमेंट भरायचे आणि कॅप जानेवारीत बसवायची, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. हिशेब चोख आहे. पण रूट कॅनॉल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. कॅपविना चावताना तिला तडा जाऊ शकतो. इथे उपचाराची तारीख ठरवली ती विम्याच्या वर्षाने.

मर्यादेमुळे हप्ता परवडतो आणि बहुतेक लोक तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, असे विमा कंपन्या म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जे थोडे पोहोचतात त्यांचेच दात सर्वांत वाईट असतात, आणि ज्याचे नुकसान मोठे त्याला इतरांच्या हप्त्यांतून आधार द्यायचा, यालाच तर विमा म्हणतात. दंतविमा नेमका तिथे हात आखडतो. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: मुदत नसेल तर लोक दवाखान्याची पायरीच चढणार नाहीत. तपासणीपुरते ते पटते. परंतु तपासणीचे पैसे योजना तसेही पूर्ण देते. मुदतीचा फास बसतो तो मोठ्या उपचारांना. शिवाय मुदत सैल केल्याने व्यवस्था कोसळत नाही, याचा दाखला शेजारीच आहे. आरोग्यखर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांना १९८४पासून 'वापरा नाहीतर गमवा' हा नियम होता. कर खात्याने २००५ साली अडीच महिन्यांची सवलत देऊ केली, आणि २०१३ साली त्याऐवजी पाचशे डॉलरपर्यंत रक्कम पुढे नेण्याचा पर्यायही दिला. ती खाती आजही चालू आहेत. काही दंतविमेही आता थोडी रक्कम पुढे नेऊ देतात, पण तो अपवाद.

२०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दंतविम्याच्या हप्त्यांतला किमान ८३ टक्के पैसा उपचारांवरच खर्च झाला पाहिजे, असा कायदा मतदानाने मंजूर केला. हप्त्याचा पैसा जातो कुठे, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे विचारला गेला. वार्षिक मर्यादेचा आणि ३१ डिसेंबरचा विषय मात्र त्या मतपत्रिकेवर नव्हता.