तबकडीवरचे सेक्टर

वाशीचा किंवा नेरूळचा रहिवासी आपला पत्ता सेक्टराच्या आंकड्यानें सांगतो. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नव्या मुंबईची आंखणीच तशी केली. हे सेक्टर कांहीं लहान, कांहीं मोठे. सारे एकाच मापाचे मानून पावलें मोजीत निघालेला टपालवाला भलत्याच दारीं पोंचावयाचा! संगणकाच्या इतिहासांत असेंच घडलें, आणि तेथेंही शब्द सेक्टर हाच होता.

संगणकाची तबकडी मजकूर खणाखणांनीं सांठविते. त्या खणाला सेक्टर म्हणतात. घरगुती संगणक १९८१ नंतर पसरले, तसें एका खणांत ५१२ बाइट हें माप रूढ झालें. एक बाइट म्हणजे स्थूलमानानें एक रोमन अक्षर.

पुढें चुंबक-प्रकाशीय तबकड्या आल्या. लेसर किरणानें पृष्ठावरील बिंदु तापवावयाचा, तो तापलेला असतां चुंबकानें त्याची दिशा ठरवावयाची, आणि वाचतांना परतलेल्या प्रकाशांतील सूक्ष्म फिरकी ओळखावयाची. थंड झालेला बिंदु साध्या चुंबकाला दाद देत नाहीं. म्हणून मुद्रणालयें व रुग्णालयें आपलीं चित्रें तिच्या स्वाधीन करूं लागलीं.

प्रत्येक खणामागें पत्ता व चूक-दुरुस्तीचे आंकडे ह्यांसाठीं जागा खर्ची पडते. साडेतीन इंची तबकडीवर ५१२ बाइटांचे खण पाडले तर ५४० मेगाबाइट मावत. २०४८ चे पाडले तर ६४०. हा लाभ कोण सोडील?

पण ऑपरेटिंग सिस्टिम हा जो संगणकाचा कारभारी, त्याला जुनी संवय जडलेली. ८१९२ बाइटांनंतरचा मजकूर ५१२ च्या हिशेबानें सोळा खण सोडून मिळतो. २०४८ च्या हिशेबानें चारच. कारभारी एक तर चुके, नाहीं तर तबकडी साफ नाकारी. आंतील अक्षर न् अक्षर शाबूत, आणि वाचणारा मात्र नाहीं! मौज अशी कीं, खणाचें माप नोंदविण्याची जागा डॉसच्या तबकडींत १९८३ पासून होतीच. पुष्कळ कार्यक्रम ती वाचण्याची तसदी घेत नसत. लिनक्सच्या १९९६ मधील २.० आवृत्तीला २०४८ बाइटांचे खण वाचण्यासाठीं बाहेरून ठिगळ लावावें लागे. १९९९ च्या २.२ आवृत्तींत ती सोय अंगभूत झाली.

चुंबक-प्रकाशीय तबकडी आतां बाजारांतून गेली आहे, प्रश्न मात्र राहिला. २०११ च्या सुमारास साध्या चुंबकीय तबकड्यांनींही ४०९६ बाइटांचा खण पत्करला. पनवेल, ऐरोली, महापे येथील माहिती-भांडारांत आज अशा थोर खणांच्या तबकड्या अहोरात्र फिरत असतात. जुन्या कारभाऱ्यांची समजूत मोडूं नये म्हणून त्यांतील कित्येक अजूनही आपले खण ५१२ चे असल्याचें सांगतात. मग अशा एका लहान खणांत फेरफार करावयाचा, तर तबकडी सबंध ४०९६ बाइट वाचते, त्यांचा आठवा हिस्सा बदलते, आणि सारें पुन्हा लिहून काढते.