श्येनविनोद ते उपग्रह

जवळा बाजारच्या शिवारात हिवाळ्याच्या तोंडी तुरीवरून नजर वर नेली, की एखादी कापशी घार हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबलेली दिसते. ती इथलीच. परंतु लांबच्या प्रवासाला निघालेले जे शिकारी पक्षी दख्खनवरून जातात, त्यांचा ठावठिकाणा अगदी अलीकडेपर्यंत कोणास ठाऊक नव्हता.

या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती, तेव्हा राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. बाराव्या शतकातील या ग्रंथात ससाण्याच्या शिकारीवर 'श्येनविनोद' नावाचे प्रकरण आहे. पाळलेला पक्षी हातावर परत येई, यातच त्याचे मोल होते. तो परतला नाही, की त्याच्याविषयीचे ज्ञानही तेथेच संपे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हंगेरीतील सहकाऱ्यांसह तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर ५ ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे प्रक्षेपक बसविले. पक्ष्याचे वजन जेमतेम १५० ग्रॅम. त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली गेली. पांगती हे तेथील एका गावाचे नाव. आदल्याच वर्षी या परिसरात जाळी लावून एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी ती शिकार थांबविली. या नामकरणात त्या निर्णयाचा गौरव आहे, असे आम्ही मानतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपुरातील तामेंगलाँग येथून सोडलेली अलांग ही कोवळी मादी ६ दिवस १४ तासांत सुमारे ५,६०० किलोमीटर उडून केनियात पोहोचली. वाटेत तिने तेलंगणात एक रात्र काढली आणि महाराष्ट्रात सुमारे तीन तास विसावा घेतला.

त्या तीन तासांशी आमचा संबंध आहे. अमूर ससाणा मुख्यत्वे कीटकांवर जगतो आणि पुढे त्याला अरबी समुद्र ओलांडायचा असतो. प्रक्षेपक जागा सांगतो. त्या जागी वाळवी, टोळ, चतुर होते की नुकतीच फवारणी झाली होती, हे तो सांगत नाही. ते शिवारातल्या माणसालाच दिसते. उपग्रहाने पक्ष्याची वाट नोंदवली. त्या वाटेखालच्या जमिनीचा इतिहास मात्र जवळा बाजारसारख्या गावांनीच लिहायचा आहे, आणि तो अजून कोराच आहे.